ह्यूस्टनच्या मुलांसाठी अवकाशविज्ञान: नागरिकत्वाची अट नसलेले कार्यक्रम

प्रेषक: मराठी शाळा समिती

मंडळी, सप्रेम नमस्कार.

गणपती झाले की शाळेचं नवीन सत्र सुरू होईल. ह्यूस्टनमध्ये राहूनही आपल्या मुलांची अवकाशाशी गाठ पडते ती भारतातून पाहुणे आले की स्पेस सेंटर दाखवायला नेतो तेवढ्यापुरतीच. यंदा सातवीच्या पुढच्या मुलांसाठी काहीतरी नियमित करावं असं समितीत ठरलं आहे. हायस्कूलच्या मुलांसाठी नासाचा जो हायस्कूल एअरोस्पेस स्कॉलर्स कार्यक्रम आहे, त्याची माहिती दोघा-तिघांनी पाठवली आहे. आणखी काय करता येईल ते कळवा. शाळांत शिकवणाऱ्यांनी जरूर लिहा.

प्रेषक: एक पालक, कॅटी

नमस्कार.

एअरोस्पेस स्कॉलर्स चांगलाच कार्यक्रम आहे, पण त्याला अमेरिकन नागरिकत्व लागतं. नासाच्या इंटर्नशिपचंही तेच. आपल्या शाळेतली कितीतरी मुलं एच-फोरवर (आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) आहेत, ग्रीन कार्डाच्या रांगेत वाढताहेत. मुलं उत्साहाने अर्ज भरायला बसतात आणि अट नंतर वाचतात. म्हणून विनंती अशी की, यादीवर कुठलाही कार्यक्रम टाकताना त्याची अट पहिल्या ओळीत लिहा. आणि मंडळाने जे हाती घ्यायचं ते सगळ्या मुलांना करता येईल असंच असावं. वर्गातल्या निम्म्या मुलांना बाजूला बसवणारं काही आपण तरी करू नये.

प्रेषक: एक निवृत्त काका, क्लिअर लेक

ताईंचं म्हणणं अगदी रास्त आहे, आणि मला वाटतं हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचं बिनतारी संभाषण, त्यात चपखल बसतो. अमेरिकेत हॅमचा परवाना घ्यायला ना नागरिकत्व लागतं, ना ग्रीन कार्ड. वयाचीही अट नाही. टेक्निशियनच्या, म्हणजे पहिल्या पायरीच्या परवान्याच्या, परीक्षेत 35 प्रश्न असतात, 26 बरोबर आले की पास, आणि सगळे प्रश्न आधीच जाहीर झालेल्या संचातून येतात. नुसतं ऐकायचं असेल तर परवानाही नको.

ऐकायचं ते अंतराळ स्थानक. सुमारे 400 किलोमीटर उंचीवरून ते साधारण दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारतं, आणि त्यावरच्या हॅम रेडिओचा आवाज 145.800 मेगाहर्ट्झवर मिळतो. अधूनमधून तिथून चित्रं पाठवण्याचे दिवस जाहीर होतात. साध्या हातातल्या रेडिओच्या स्पीकरजवळ फोन धरायचा; फोनमधलं ॲप त्या चिरक्या आवाजातून चित्र उलगडतं. एका चित्राला दोनेक मिनिटं लागतात, वरून खाली एकेक ओळ उमटत जाते. अँटेना जरा भलतीकडे वळली की तेवढ्या पट्ट्यात नुसत्या मुंग्या येतात. मग मुलंच विचारायला लागतात: स्थानक आत्ता कुठल्या दिशेला आहे, अँटेना आडवी धरायची की उभी? स्थानक जवळ येत असताना वारंवारता साडेतीन किलोहर्ट्झच्या आसपास वर असते, लांब जाताना जवळपास तेवढीच खाली उतरते. डॉप्लर परिणाम याहून चांगला कुठल्या फळ्यावर शिकवणार!

पुढची पायरी म्हणजे एरिस. या उपक्रमातून मुलं अंतराळवीरांशी थेट बोलतात. शाळांप्रमाणे आपल्यासारख्या शिकवणाऱ्या संस्थाही अर्ज करू शकतात. स्थानक क्षितिजावर उगवल्यापासून मावळेपर्यंत जेमतेम दहा मिनिटं हातात असतात. मुलं रांगेने माइकपाशी येतात, प्रश्न विचारतात, ‘ओव्हर’ म्हणतात. 1983 साली अंतराळवीर ओवेन गॅरियट कोलंबिया यानातून पहिल्यांदा असे हॅमवर बोलले. जुलै 2025 मध्ये शुभांशु शुक्लाही स्थानकावरून भारतातल्या विद्यार्थ्यांशी हॅमवर बोलले. अर्जात सगळ्यात जास्त बघतात तो शिक्षणाचा आराखडा: त्या दहा मिनिटांच्या आधी आणि नंतर मुलं काय शिकणार? तो आराखडा शिक्षकांनीच लिहायला हवा. रेडिओ, अँटेना आणि परीक्षेची तयारी माझ्याकडे लागली.

प्रेषक: मिडल स्कूलमधल्या विज्ञान शिक्षिका, शुगर लँड

काका, आराखडा मी लिहिते.

शिक्षकांसाठी दोन गोष्टी सांगते. स्पेस सेंटर ह्यूस्टनमध्ये दर फेब्रुवारीत अवकाश विषयावर शिक्षकांची परिषद भरते. वर्गात दुसऱ्या दिवशी करून घेता येतील असे प्रयोग तिथे मिळतात. दुसरी म्हणजे नासाची चांद्रनमुन्यांची तबकडी. सहा इंच व्यासाच्या पारदर्शक ॲक्रिलिकमध्ये खडक आणि मातीचे सहा नमुने बसवलेले आहेत, त्यातली एक माती अपोलो 17 ने आणलेली नारिंगी माती. राखाडी चंद्रावर नारिंगी माती कशी, या एका प्रश्नावर आख्खा तास रंगतो (ती ज्वालामुखीच्या कारंज्यातून उडालेल्या काचेच्या सूक्ष्म मण्यांची आहे). ही तबकडी वर्गासाठी उसनी घ्यायची तर शिक्षकांना आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं. आपल्यातले जे दिवसा इथल्या शाळांत शिकवतात त्यांनी ते घ्यावं.

मुलांसाठी लघुग्रह शोधमोहीमही आहे. आपल्या टेक्सासमधल्याच ॲबिलीनच्या हार्डिन-सिमन्स विद्यापीठातून ती चालते, फुकट आहे, आणि संघ कुठल्याही देशाचा चालतो. हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीने आकाशाच्या एकाच तुकड्याची थोड्या थोड्या वेळाने काढलेली छायाचित्रं मिळतात. ती एकापाठोपाठ एक पाहायची. तारे जागचे हलत नाहीत, एखादा अंधूक ठिपका मात्र सरळ रेषेत सरकतो. सरकणारा प्रत्येक ठिपका नवा नसतो आणि शोध पक्का व्हायला वर्षं जातात, हे मुलांना आधीच सांगायला हवं. माझी फार इच्छा आहे की आपल्या संघाबरोबर महाराष्ट्रातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेचाही संघ उतरावा. आपली सकाळ ती त्यांची संध्याकाळ, वेळ सहज जुळेल. एखाद्या शाळेतल्या गुरुजींशी किंवा बाईंशी कुणाची ओळख असेल तर मला थेट लिहा. विंडोज असलेला एक संगणक आणि बरं इंटरनेट एवढं तिकडे पुरेल.

प्रेषक: मराठी शाळा समिती

काका, ताई, मनापासून आभार. सुरुवात हॅमपासून करू. दर रविवारी मराठीचा तास संपला की एक तास त्याच वर्गात. मुलांचं नाव आणि इयत्ता एवढंच पाठवा, व्हिसा-पासपोर्टची माहिती नको. काकांबरोबर अँटेना बांधायला दोन पालक हवे आहेत, आणि जुने विंडोज लॅपटॉप कुणाकडे पडून असतील तर तेही कळवा.