कॅल्गरीला जाण्यापूर्वी अल्बर्टा प्रांत समजून घ्यायचा आहे

प्रश्न (चरई, ठाणे)

नमस्कार. माझी मुलगी नोकरीनिमित्त कॅनडातील कॅल्गरी येथे राहते आणि येत्या जुलैमध्ये आम्ही उभयता तिच्याकडे जाणार आहोत. प्रवासी कंपन्यांच्या माहितीपत्रकांत बॅन्फ आणि लेक लुईझ यांच्या छायाचित्रांपलीकडे काहीच नसते. हा प्रांत कसा आहे, तेथील लोकांचा चरितार्थ कशावर चालतो आणि डोंगरांखेरीज काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (वाशी)

अल्बर्टाचा नकाशा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाचावा, कारण तेथील पाणी, शेती आणि वारा या तिन्ही गोष्टी रॉकी पर्वत ठरवतो. क्षेत्रफळ सुमारे ६,६१,८४८ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक. लोकसंख्या मात्र २०२१ च्या जनगणनेनुसार साधारण ४२.६ लाख. पॅसिफिकवरून येणारे बाष्प बरेचसे शेजारच्या ब्रिटिश कोलंबियातच रिते होते आणि सह्याद्रीच्या पूर्वेला माण-खटावच्या वाट्याला जे येते, तेच दक्षिण अल्बर्टाच्या माळरानाच्या वाट्याला येते. म्हणूनच लेथब्रिजच्या परिसरातील शेती डोंगरातून येणाऱ्या नद्यांच्या कालव्यांवर अवलंबून आहे. कॅल्गरीतून वाहणारी बो नदी बॅन्फच्या वरच्या हिमनदीतून निघते, तर ३,७४७ मीटर उंचीच्या माउंट कोलंबियाजवळच्या हिमक्षेत्रातून अथाबास्का नदी उत्तरेकडे आर्क्टिकच्या दिशेने जाते. संपूर्ण प्रांत गवताळ आहे, ही समजूत बरोबर नाही. उत्तरेचा बहुतेक भाग सूचिपर्णी अरण्याचा आहे.

हिवाळ्यात पर्वत उतरून येणारा ‘चिनूक’ हा उष्ण, कोरडा वारा काही तासांत तापमान वीस अंशांनीही वाढवतो. जुलैमध्ये तो अनुभव मिळणार नाही, परंतु मुलीला अवश्य विचारा.

उत्तर २ (ऐरोली)

चरितार्थाविषयी लिहितो, कारण माझी सारी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रसायन कारखान्यांत झाली आणि हा विषय मला जवळचा वाटतो. १३ फेब्रुवारी १९४७ रोजी एडमंटनजवळील लेड्यूक येथे तेल लागले आणि मुख्यतः शेतीवर जगणाऱ्या प्रांताचे स्वरूप पालटले. मात्र तेथील खरा साठा वाळूत मिसळलेल्या डांबरासारख्या बिटुमेनचा आहे. फोर्ट मॅकमरेच्या परिसरात तो काही ठिकाणी उघड्या खाणींतून काढतात; जेथे तो खोल आहे, तेथे दोन आडव्या विहिरी खोदून वरच्या विहिरीतून वाफ सोडतात आणि पातळ झालेले बिटुमेन खालच्या विहिरीतून उपसतात. यासाठी प्रचंड उष्णता लागते आणि खाणींमागे गाळयुक्त दूषित पाण्याचे विस्तीर्ण तलाव उरतात. या किमतीचा उल्लेख टाळून अल्बर्टाच्या समृद्धीबद्दल बोलणे मला योग्य वाटत नाही.

प्रांताला समुद्रकिनारा नसल्यामुळे नळवाहिन्या हा तेथे राजकारणाचा कायमचा विषय आहे. तेल कंपन्यांची मुख्यालये कॅल्गरीत, तर शुद्धीकरण कारखाने आणि प्रांतिक सरकार एडमंटनमध्ये, अशी विभागणी आहे. २०१४ नंतर तेलाचे भाव कोसळले, तेव्हा कॅल्गरीच्या मध्यवर्ती भागातील कार्यालये मोठ्या प्रमाणावर रिकामी झाली. गहू, कनोला हे मोहरीसारखे तेलबियांचे पीक आणि गोमांस हे व्यवसायही मोठे आहेत. खरेदी करताना प्रांतिक विक्रीकर नाही, केवळ ५ टक्के केंद्रीय कर लागतो.

उत्तर ३ (कोपरखैरणे)

डोंगरांखेरीज एकच ठिकाण निवडायचे असेल, तर ड्रमहेलर निवडावे. कॅल्गरीपासून मोटारीने साधारण दीड तासावर, सपाट शेतांमधून जाताना जमीन एकाएकी खचते आणि रेड डीअर नदीने कोरलेली, थरांथरांची उघडी दरी समोर येते. तेथील रॉयल टिरेल संग्रहालयातील डायनासोरचे सांगाडे पाहण्यास अर्धा दिवस अपुरा पडतो. दक्षिणेस ‘हेड-स्मॅश्ड-इन बफेलो जंप’ हा कडा आहे. ब्लॅकफूट हे तेथील मूळ रहिवासी आणि त्यांच्या पूर्वीचे लोक हजारो वर्षे गव्यांचे कळप त्यावरून खाली लोटून शिकार करीत असत. १९८१ पासून तो जागतिक वारसा स्थळ आहे.

जुलैमध्ये कॅल्गरीत दहा दिवसांचा स्टॅम्पीड हा घोडेस्वारी व गुराख्यांच्या खेळांचा उत्सव असतो आणि त्या काळात हॉटेलांचे दर चढतात. तुमचा मुक्काम मुलीकडे असल्याने ती अडचण नाही. लेक लुईझजवळच्या मोरेन लेक या सरोवराला २०२३ पासून खासगी मोटारी नेता येत नाहीत, त्यामुळे बसचे आरक्षण आधीच करावे. जॅस्पर गावाचा मोठा भाग जुलै २०२४ च्या वणव्यात जळाला. उन्हाळ्यात धुराची शक्यता असते, म्हणून डोंगरातील प्रवासाच्या तारखा शक्य तितक्या लवचीक ठेवाव्यात.