विज्ञानाचे शिक्षण आणि ख्रिस्ती विश्वास: उपासनेला जाणे थांबवावे का?

प्रश्न (नगरचा विद्यार्थी)

सर्वांना जय ख्रिस्त. मी मूळचा नगरचा, तिसऱ्या पिढीतील ख्रिस्ती असून सध्या पुण्यात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करीत आहे. वसतिगृहातील मित्र सज्जन आहेत, कुणी टिंगल करीत नाही. पण रात्रीच्या गप्पांत विश्वाच्या आरंभाचा विषय निघाला की ‘तुझ्या बायबलातले निर्मितीचे सहा दिवस यात कुठे बसवायचे?’ असे विचारतात आणि मी निरुत्तर होतो. गावी पाळकसाहेबांना विचारले, तर ‘प्रार्थना वाढव’ एवढेच उत्तर मिळाले. प्रार्थनेला बसलो तरी तेच प्रश्न डोक्यात घोळतात. रविवारी मंडळीत (चर्चमध्ये) उभे राहून विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरलेली कबुली, म्हणणे आता ढोंग वाटते. शंका फिटेपर्यंत जाणे थांबवावे का?

उत्तर १ (विज्ञानशिक्षक)

सहा दिवसांची अडचण डार्विनने निर्माण केलेली नाही. बायबलातील ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात सूर्य चौथ्या दिवशी निर्माण होतो. मग आधीचे तीन दिवस कशाने मोजले, हा विचार मंडळीच्या आरंभीच्या शतकांतील आचार्यांनीही केला होता. संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी हे दिवस आपल्या दिवसांसारखे नसावेत असे लिहिले, आणि निसर्गाविषयी अज्ञानाने बोलून ख्रिस्ती माणसाने पवित्र शास्त्राचे हसे करू नये, असे बजावलेही.

विश्व प्रसरण पावत आहे ही मांडणी १९२७ साली करणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते, हे मित्रांना जरूर सांगा. मात्र ते हुकमाचे पान म्हणून टाकू नका. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी या संशोधनाला निर्मितीच्या श्रद्धेचा दुजोरा मानले, तेव्हा लमेत्र नाराज झाले होते, कारण आपला सिद्धान्त धर्माच्या प्रश्नाबाहेर राहतो, अशी त्यांची भूमिका होती. समीकरणांत देव सापडला नाही म्हणून तो नाही, असे म्हणणारा मित्र आणि समीकरणांतून देव सिद्ध करू पाहणारा भाविक, हे दोघेही माझ्या मते एकच गफलत करतात.

उत्तर २ (केडगावची ताई)

भाऊ, जाणे थांबवू नकोस. वधस्तंभावर मेलेला येशू पुन्हा उठला हे, त्याच्या हातांवरचे खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय मी मानणार नाही, असे त्याचा शिष्य थोमा याने इतर शिष्यांना तोंडावर सांगितले. तरी त्यांनी त्याला बाहेर काढले नाही आणि तोही उठून गेला नाही. आठ दिवसांनी प्रभू आला तेव्हा थोमा त्यांच्यातच होता, म्हणून तर भेट झाली. (आपण मात्र त्याला ‘संशयी’ हे बिरूद चिकटवून मोकळे झालो!)

पंडिता रमाबाईंचेही पाहा. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावरही तिथल्या मठातील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्या पत्रांतून सिद्धान्तांवर कडाडून वाद घालत राहिल्या. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त नव्हे, हे बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी उमगले, असे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. विश्वासांगीकार म्हणताना अडखळत असशील, तर मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील आजारी मुलाच्या बापाची प्रार्थना कर; ‘माझा विश्वास आहे’ आणि ‘माझा अविश्वास घालव’ ही दोन्ही वाक्ये तो एका दमात बोलतो, आणि येशू त्याचे लेकरू बरे करतो.

उत्तर ३ (वसईकर)

वरील उत्तरे पटली, पण वसतिगृहात विश्वास वादात हरून सहसा जात नाही. तो रविवारच्या झोपेत, सबमिशनमध्ये आणि ‘पुढच्या आठवड्यात जाऊ’ यात जातो. मार्काचे शुभवर्तमान सोळाच अध्यायांचे आहे, एका बैठकीत वाचून होते. ते सलग वाचा, आणि तुमच्याशी वाद घालणाऱ्या मित्रालाही वाचायला द्या.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. या रविवारी जातो. पाळकसाहेबांकडे हा विषय पुन्हा काढावा का?

उत्तर २ (केडगावची ताई)

काढ, पण उपासनेनंतर दारात हस्तांदोलन करता करता नको. प्रश्न कागदावर लिहून दे आणि तरुण संघाच्या बैठकीत चर्चेला घेण्याची विनंती कर. तुझ्यासारखे गप्प बसलेले तिथे आणखी निघतील.