पोहणे सोडून सायकल: पळवाट नव्हे
ब्रिटनच्या पॅरालिम्पिक (दिव्यांगांच्या ऑलिम्पिक) खेळाडू सारा स्टोरी यांनी सोपी स्पर्धा शोधत पोहणे सोडून सायकल धरली, असे काहीजण म्हणतात; हे मत मला मुळीच पटत नाही. त्यांचा डावा हात जन्मतःच पूर्ण विकसित नाही. १९९२ साली बार्सिलोनात, वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी, त्यांनी जलतरणात सुवर्ण मिळवले. २००५ मध्ये कानाच्या संसर्गामुळे पाण्यापासून दूर राहावे लागले, तेव्हा तंदुरुस्ती टिकवण्यासाठी त्या सायकलीकडे वळल्या, आणि पॅरिस २०२४ पर्यंतच्या त्यांच्या १९ पॅरालिम्पिक सुवर्णांपैकी तब्बल १४ सायकलिंगची आहेत.

आमच्या गंगापूर रोडवर पहाटे सराव करणाऱ्या एका मुलाचा डावा हात कोपराशीच संपतो. त्याच्या सायकलीचे दोन्ही ब्रेक उजवीकडच्या एकाच लिव्हरला जोडले आहेत आणि हँडलच्या डाव्या टोकाला कोपर टेकवण्यासाठी वाटीसारखा आधार बसवला आहे. उतारावर अचानक खड्डा आला, की ब्रेक दाबणे, गिअर बदलणे आणि हँडल घट्ट धरणे ही तिन्ही कामे त्या एकाच पंजावर येतात. (पावसाळ्यात तर मला बघतानाच धडकी भरते.) हे जवळून पाहिल्यावर या खेळाला 'सोपा' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.