एसी खडखडतोय: आवाज आतल्या युनिटचा की बाहेरच्या?
मेकॅनिक ‘कॉम्प्रेसर गेलाय’ म्हणाला म्हणून लगेच खर्चात पडू नका. रिमोटवर फॅन मोड लावून बघा. त्यात कॉम्प्रेसर, म्हणजे बाहेरच्या युनिटमधला गॅस दाबणारा पंप, बंदच असतो. तरीही खडखड चालू राहिली तर दोष आतल्या युनिटमध्ये: फिल्टर नीट बसलेला नाही, नाहीतर ब्लोअरवर (आतल्या पंख्यावर) धूळ चढून त्याचा तोल गेलाय.

कूल मोडवर बाहेरचं युनिट सुरू झाल्यावरच आवाज येत असेल, तर त्याच्या पत्र्यावर तळहात दाबून धरा (आरामात हात पोचत असेल तरच, खिडकीतून लोंबकळू नका). आवाज थांबला तर बहुतेक पत्र्याचा स्क्रू ढिला आहे. नाहीच थांबला तर तांब्याच्या नळ्या एकमेकींवर किंवा पत्र्यावर आपटतायत का, ते उघडून बघायला सांगा. मध्ये रबराचा तुकडा घातला की भागतं. स्टँडवरची रबरं उन्हाने कडक होतात, तीही बघून घ्या. आमच्याकडे तर पंख्यात कबुतराच्या काड्या निघाल्या! जाळीत हात घालण्याआधी मात्र एसीचा एमसीबी (वीज तोडणारा बोर्डावरचा खटका) पाडा, नुसता रिमोट पुरत नाही.

गार होताना प्लास्टिकची टिकटिक येते, तिच्याकडे दुर्लक्ष करा.