गावाच्या आराखड्यात ‘संकट’ कधी लिहायचं? टंचाई, दुष्काळ, आपत्ती यांत नेमका फरक काय?

तेरणाकाठ
नमस्कार मंडळी. औसा तालुक्यातल्या एका गावाचा आपत्ती आराखडा लिहायचं काम चालू आहे. लोकसंख्या 2,000 धरा. पिण्याच्या पाण्याला एकच सार्वजनिक विहीर, व्यास 6 मीटर. बैठकीत सगळं एका शब्दावर अडलंय. काही जण म्हणतात, नळाला आठ दिवसांआड पाणी आलं की संकट. काहींचं म्हणणं, सरकारनं दुष्काळ जाहीर केल्याशिवाय तो शब्द लिहूच नये. टंचाई, दुष्काळसदृश, दुष्काळ, ओला दुष्काळ, आपत्ती हे शब्द कागदावर कुठं वेगळे होतात? आणि गावाला मोजता येईल अशी व्याख्या कशी लिहावी?

शिवारफेरी
भाऊ, आधी कागदाचं बघू. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातल्या व्याख्येचा गाभा असा: मोठी जीवितहानी, मालमत्तेची किंवा पर्यावरणाची हानी, आणि ती त्या भागातल्या लोकांच्या तोंड देण्याच्या क्षमतेपलीकडची असणं. हा शेवटचा भाग बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवा. पाऊस किती कमी पडला यावर ती व्याख्या थांबत नाही, गावाची ताकद कुठं संपली हे विचारते.

दुष्काळ हा वेगळा कागद. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ संहितेत पहिली कसोटी पावसाची: जून-जुलैचा पाऊस सरासरीच्या 50 टक्क्यांखाली, किंवा जून ते सप्टेंबरचा 75 टक्क्यांखाली, किंवा तीन-चार आठवड्यांचा सलग खंड. मग पेरणी क्षेत्र, उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती, मातीतला ओलावा, धरणं व भूजल हे निर्देशांक. त्यानंतर 10 टक्के गावं निवडून प्रत्यक्ष शिवारात पाहणी. पैसेवारी (नेहमीच्या तुलनेत पीक किती आलं याचा सरकारी अंदाज) 50 पैशांच्या आत आली की दुष्काळ, हे गणित अजून गावागावांत सांगितलं जातं. पैसेवारी आजही निघते, पण दुष्काळ जाहीर करायचा मुख्य आधार आता ती नाही.

‘दुष्काळसदृश’ म्हणजे काय ते 2023 वरून कळेल. 31 ऑक्टोबरला 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. नोव्हेंबरात आणखी 1,021 महसूल मंडळांत (मंडळ म्हणजे तालुक्यातला काही गावांचा गट) दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली. तिथं निकष पावसाचा होता: सरासरीच्या 75 टक्क्यांपेक्षा कमी आणि एकूण 750 मिमीपेक्षा कमी. जमीन महसुलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, परीक्षा शुल्क माफी, शेतीपंपाच्या चालू बिलात 33.5 टक्के सूट अशा सवलती मिळाल्या.

‘ओला दुष्काळ’ हा शब्द संहितेत नाही. तिकडं अतिवृष्टी लागते: मंडळात 24 तासांत 65 मिमीपेक्षा जास्त पाऊस आणि पिकाचं किमान 33 टक्के नुकसान. सप्टेंबर 2025 च्या पुरानंतर मराठवाड्यात मागणी ओल्या दुष्काळाची होती, पण सरकारनं तो शब्द न वापरता दुष्काळाच्या वेळच्या सवलती लागू केल्या.

जलमोजणी
वरचं सगळं बरोबर आहे, पण ते तालुक्याचं आणि मंडळाचं माप आहे. गावाचं माप विहिरीत आहे.

6 मीटर व्यासाच्या विहिरीत 1 मीटर पाणी म्हणजे साधारण 28,000 लिटर. जलजीवनच्या 55 लिटर दरडोई प्रमाणानं 2,000 लोकांना रोज 1,10,000 लिटर, म्हणजे विहिरीतलं जवळपास 4 मीटर पाणी लागतं. टँकरचं 20 लिटरचं प्रमाण धरलं तर 40,000 लिटर, म्हणजे दीड मीटरच्या आत.

आता झिरपा, म्हणजे विहिरीत दिवसभरात आपोआप पाझरून येणारं पाणी, मोजा. संध्याकाळी विहीर उपसून घ्या, टेपला वजन बांधून पातळी लिहा, 24 तास उपसा बंद ठेवून पुन्हा लिहा. मीटरमधली वाढ गुणिले 28,000. इथं लोक चुकतात ते असं: विहीर रिकामी असताना पाणी जोरात भरतं, पातळी चढली की झिरपा मंदावतो. त्यामुळं पहिल्या दोन तासांची वाढ बारानं गुणली की आकडा फुगतो आणि गाव निर्धास्त राहतं. मोजणीच्या दिवशी शेजारच्या शेतातले पंपही बंद हवेत. आपल्याकडं पाणी मुरमाच्या थरात असतं, खाली कठीण काळा पाषाण. पातळी मुरमाखाली गेली की झिरपा एकदम तुटतो, हळूहळू कमी होत नाही.

तेरणाकाठ
दादा, हे फार कामाचं आहे. म्हणजे झिरपा 40,000 च्या खाली गेला की संकट, असं लिहू का?

जलमोजणी
नाही, तोवर उशीर झालेला असतो. विहीर अधिग्रहण (खासगी विहीर गावासाठी तात्पुरती ताब्यात घेणं) असो की टँकर, ग्रामपंचायतीचा ठराव, प्रस्ताव, संयुक्त पाहणी, मग मंजुरी. यात दिवस जातात. म्हणून व्याख्या अशी लिहा: पाणी पुरण्याचे उरलेले दिवस जेव्हा मदत पोचायला लागणाऱ्या दिवसांपेक्षा कमी होतात, तेव्हा संकट.

उदाहरण घ्या. आज झिरपा 70,000, दर आठवड्याला 5,000 नं घटतोय. 40,000 वर यायला सहा आठवडे. मंजुरीला तीन आठवडे धरले, तर प्रस्ताव 55,000 वरच जायला हवा. घट मात्र शेवटच्या दोन आठवड्यांचीच धरा. उन्हाळी पिकाचा उपसा सुरू झाला की फेब्रुवारीचा वेग एप्रिलमध्ये लागू पडत नाही.

टंचाई आराखड्याचे, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या तुटवड्यासाठीच्या आराखड्याचे, ऑक्टोबर-डिसेंबर, जानेवारी-मार्च, एप्रिल-जून असे तीन टप्पे असतात. अधिग्रहण कुठल्या विहिरीचं, विंधन विहिरींची दुरुस्ती, बुडक्या (नदी-ओढ्याच्या पात्रातले उथळ झरे-खड्डे) कुठं घ्यायच्या, हे पहिल्या टप्प्यातच नावानिशी ठरवून ठेवा.

लातूर शहराचं 2016 आठवा. मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला पाण्याचे 10 डबे, 5 लाख लिटर. शहराला पाणी देणाऱ्या मांजरा धरणातला साठा मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून घटत होता.

काळी_माती
एक भर घालते. सगळं संकट विहिरीच्या मापानं मोजू नका. भूकंप, वीज, नदीला अचानक आलेलं पाणी यांना उरलेले दिवस नसतात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला कसली वाट बघायची होती? अशा घटनांसाठी आकडा नकोच. घटना घडली की संकट, एवढंच लिहा आणि पुढं माणसांची कामं वाटून द्या.

पिकाला वेगळी ओळ द्या. हलक्या रानातलं सोयाबीन फुलात किंवा शेंगा भरताना असलं तर पंधरा दिवसांचा खंडही जड जातो. भारी काळ्या रानात तेच पीक जास्त दिवस तग धरतं. म्हणून हलक्या आणि भारी जमिनीचे गट आराखड्यात वेगळे दाखवा.

आणि गावात साधं पर्जन्यमापक बसवा, झाडापासून व भिंतीपासून लांब, मोकळ्यावर. रोज सकाळी साडेआठला नोंद, तारखेसह, वहीत. मंडळाचं माप सहा-आठ किलोमीटरवर असू शकतं. तिथं 40 मिमी आणि तुमच्या शिवारात 90 असं होतं. सरकारी निकषाला मंडळाचाच आकडा धरतात, पण पंचनाम्याची मागणी करताना ही वही समोर ठेवता येते.

तेरणाकाठ
मनापासून आभार ताई, आणि सगळ्यांचेच. मसुद्यात तीन ओळी करतोय: पाणी उरलेल्या दिवसांवर, पीक जमिनीच्या गटानुसार, अचानक घटना आकड्याशिवाय. झिरपा मोजायला येत्या शनिवारी विहीर उपसतोय, शेजारच्या पंपवाल्यांना आजच सांगतो.