मेडिकेडसाठी महिन्याला ८० तास काम : अट रास्त आहे का?

गोदाकाठ
अमेरिकेत ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने मेडिकेडला, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्याला, कामाची अट घातली. ती सगळ्यांना नाही. ओबामाकेअरमुळे, म्हणजे ओबामांच्या काळातल्या आरोग्यविमा कायद्यामुळे, आत आलेल्या १९ ते ६४ वयाच्या, दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या प्रौढांना ती मुख्यतः आहे. राज्यांनी ती १ जानेवारी २०२७ पर्यंत लागू करायची आहे. महिन्याला ८० तास नोकरी, समाजसेवा किंवा प्रशिक्षण, नाहीतर किमान अर्धवेळ शिक्षण. महिन्याची कमाई ५८० डॉलर दिसली तरी चालते. १३ वर्षांपर्यंतच्या मुलांचे पालक, गरोदर स्त्रिया, वैद्यकीयदृष्ट्या दुर्बल माणसं आणि व्यसनमुक्तीचे उपचार घेणारे यांना सूट आहे.

मला ही अट रास्त वाटते. आठवड्याला साधारण १९ तास होतात. या गटाचा ९० टक्के खर्च केंद्र उचलतं, आणि तो पैसा देणाऱ्यांत स्वतःच्या विम्याचा हप्ता जेमतेम भरणारेही आहेत. धडधाकट माणसाकडून एवढी अपेक्षा ठेवणं म्हणजे अन्याय नव्हे.

नदीपात्र
तत्त्वाचं राहू द्या, आधी अर्कान्सा राज्यात काय झालं ते बघू. जून २०१८ मध्ये तिथे हेच ८० तास लावले, सुरुवात ३० ते ४९ वयापासून. नोंद फक्त वेबसाइटवर करायची आणि ती वेबसाइट रोज रात्री ९ ते सकाळी ७ बंद! फोनवर नोंदवायची सोय डिसेंबरमध्ये आली. वर्षात तीन महिने चुकले की ३१ डिसेंबरपर्यंत विमा नाही. काही महिन्यांत १८,००० हून जास्त लोक बाहेर गेले. मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने योजना थांबवली. पुढे अभ्यास झाला तेव्हा कळलं की ज्यांना अट लागू होती त्यांतले ९५ टक्क्यांहून जास्त आधीच काम करत होते किंवा सूट मिळायला पात्र होते. रोजगारही वाढला नाही. आळशी माणूस शोधायला निघाले आणि कागद न भरलेला माणूस सापडला.

गोदाकाठ
अर्कान्साची अंमलबजावणी वाईट होती, मान्य. पण नवा कायदा तसा नाही. सरकारजवळ असलेली माहिती राज्याने आधी स्वतः तपासायची, मगच माणसाकडे कागद मागायचे. अट पुरी दिसली नाही तर नोटीस आणि ३० दिवसांची मुदत, आणि विमा घेतलेल्याचा विमा त्या काळात चालू. हंगामी कामगाराची सहा महिन्यांची सरासरी धरतात. विमा कंपन्यांच्या हातात हा निकाल द्यायला बंदी आहे. चुका दुरुस्त केल्यावरही जुनाच दाखला देत राहणं बरोबर नाही.

खतावणी
दोघांनाही एक हिशेब दाखवते. ५८० हा आकडा ७.२५ डॉलर किमान वेतन गुणिले ८० असा आला आहे. म्हणजे तासाला १५ डॉलर मिळवणाऱ्याला ३९ तास पुरतात. ही तरतूद खरोखर उपयोगी आहे आणि तिची चर्चा फार कमी होते.

पण राज्याला ही कमाई दिसणार कुठून? बेकारी विम्यासाठी मालक पगाराची माहिती देतात ती तिमाहीची. तिमाही संपल्यावर ती यायला आणखी आठवडे जातात, आणि त्यात महिन्यांची फोड नसते. उबर चालवणारा, घरकाम करणारी, रोखीत मजुरी घेणारा यांची नोंद त्यात बहुधा नसतेच. अट नेमकी याच लोकांना लागू आहे.

दुसरी अडचण मोठी आहे. अर्कान्सात अट आधीच विमा असलेल्यांना होती. इथे नव्या अर्जदारालाही आहे: अर्जाआधीच्या एक ते तीन महिन्यांत अट पुरी झालेली हवी. आजारीपणाची सूट राज्य उपचारांच्या जुन्या बिलांवरून आपोआप देऊ शकेल, पण नव्या माणसाची बिलं असतात कुठे? ज्याच्याकडे विमा नाही त्याने आधी पदरच्या पैशाने रोगाचं निदान करून घ्यायचं आणि मग विमा मागायचा. मनाच्या आजारात तर हे फार अवघड.

सरळरेघ
फूड स्टॅम्पला, म्हणजे गरिबांच्या सरकारी अन्नमदतीलाही, ८० तासांचा नियम आहे आणि तो पाळणाऱ्याने मेडिकेडची अटही पाळली असं आपोआप धरलं जातं. यंत्रणा बसेल. जी आधी सुरू करतील त्या राज्यांकडून बाकीची शिकतील.

नदीपात्र
यंत्रणेचा खर्च जॉर्जिया राज्यात बघा. जुलै २०२३ पासून तिथे अशीच योजना आहे, आणि २०२५ च्या सरकारी तपासणीत प्रशासनाचा खर्च उपचारांच्या खर्चाच्या दुप्पट निघाला. संसदेच्याच अंदाजपत्रक कार्यालयाच्या हिशेबाने या अटीमुळे २०३४ पर्यंत ५३ लाख लोक विम्याविना राहतील आणि दहा वर्षांत ३२६ अब्ज डॉलर वाचतील. ही बचत लोक कामाला लागल्याने होत नाही, ते विम्याबाहेर पडल्याने होते. शिवाय या कारणाने बाहेर पडलेल्याने ओबामाकेअरच्या बाजारात स्वतः विमा घ्यायचा म्हटलं तर त्याच्या हप्त्यावरचं सरकारी अनुदानही मिळत नाही. दुसरं दारही बंद.

गोदाकाठ
अनुदान बंद करणं मलाही पटत नाही. नव्या अर्जदाराबद्दल खतावणींचा मुद्दाही बिनतोड आहे: निदान व्हायच्या आधी डॉक्टरची चिठ्ठी मागू नये, अर्जदाराचं लेखी निवेदन धरावं आणि सहा महिन्यांच्या फेरतपासणीत पडताळावं. अट मात्र ठेवावी असंच माझं मत आहे.

खतावणी
तोवर ज्यांच्या घरात कुणी या गटात आहे (ग्रीन कार्डाला पाच वर्षं झालेले, पण ६५ पूर्ण नसलेले आईवडीलही असू शकतात) त्यांनी पत्ता आणि फोन राज्याकडे आत्ताच अद्ययावत करावा. पगारपत्रकं महिन्यावार ठेवावीत. रोखीच्या कामाची तारीख, तास, रक्कम वहीत लिहून काम देणाऱ्याची सही घ्यावी. नातवंडं सांभाळतो म्हणजे सूट मिळेलच असं धरून चालू नये. ३० दिवस नोटीस मिळाल्यापासून मोजायचे आहेत. पण जुन्या पत्त्यावर गेलेलं पाकीट वेळेत हातात येईल याचा भरवसा नसतो.