मॉर्फिनची सवय लागेल म्हणून गोळ्या लांबवतोय, बरोबर आहे का?

रुग्णाचं वय 64, कर्करोग कमरेच्या हाडांत पसरलाय. मॉर्फिनची 10 मिलिग्रॅमची साधी गोळी दर 4 तासांनी लिहून दिलीय. घरात सगळ्यांना सवयीची धास्ती, त्यामुळे कळ असह्य झाली तरच देतो, दिवसाला तीन-चार. आता ते तिसऱ्या तासापासूनच गोळी मागतात. हे व्यसन का? आत्ताच इतकी दिली तर पुढे लागू पडेल का? कृपया जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद 1

लांबवणं थांबवा. साध्या गोळीचा असर साधारण 4 तास टिकतो. कळ चढल्यावर दिलेली गोळी लागू पडायला अर्धा-पाऊण तास जातो. तेवढा वेळ माणूस तळमळतो आणि पुढच्या वेळेची भीती मनात धरून बसतो. मग तो आधीच मागणार. अशा मागणीमागे बहुतेक वेळा अपुरी मात्रा असते. पुरेसं औषध मिळालं की मागणं थांबतं, झोप लागते, माणूस दोन शब्द बोलतो. व्यसनात मात्रा वाढवूनही ओढ वाढतच जाते.

तुम्ही आतापर्यंत किती दिल्या ते डॉक्टरांना खरंखरं सांगा, नाहीतर त्यांचा हिशोब चुकेल. मधल्या कळेसाठी जादा गोळीही लिहून घ्या. ती सहसा दिवसभराच्या मात्रेचा सहावा हिस्सा असते: 60 मिलिग्रॅमला 10. वहीत वेळ, कळ 0 ते 10 पैकी किती आणि जादा गोळ्या लिहा. रोज तीन जादा लागल्या तर एकूण 90 होतात, म्हणजे दर वेळी 15. पण बदल डॉक्टरच करतील. हाडाच्या दुखण्यावर रेडिएशनचा उपयोग होतो का, तेही विचारा.

मॉर्फिनला ठरावीक कमाल मात्रा नाही. गरज वाढते ती बहुधा आजार वाढल्यामुळे, म्हणून आज दिल्याने उद्याचं औषध संपत नाही. शरीराला सवय मात्र होते. काही आठवड्यांनी एकदम बंद केलं तर नाक गळतं, घाम येतो, अंगावर काटा येतो, जुलाब होतात. हे व्यसनाचं लक्षण नव्हे. रेडिएशननंतर दुखणं कमी झालं, तर डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात.

धागाकर्ता

धन्यवाद. आणि गुंगी, बद्धकोष्ठ?

प्रतिसाद 2

मळमळ आणि गुंगी बहुधा पहिल्या काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठ ओसरत नाही, आणि कित्येक जण त्यालाच कंटाळून मॉर्फिन सोडतात. पहिल्या गोळीपासूनच रोज रात्री पोट साफ करणारं औषध, सेना (सोनामुखी) किंवा बिसाकोडिल, लागतं. डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर मागून घ्या. पाणी कमी पीत असतील तर नुसत्या इसबगोलाने खडा आणखी घट्ट बसतो. तीन दिवस पोट साफ झालं नाही तर कळवा.

पुढे 12 तासांची गोळी मिळाली तर ती कुटू नका, चावू देऊ नका. सगळं औषध एकदम अंगात उतरतं.

धोका ओळखा: हलवूनही नीट जाग न येणं, मिनिटाला 8 पेक्षा कमी श्वास. असं दिसलं तर पुढची गोळी न देता लगेच रुग्णवाहिका बोलवा. हातापायांना झटके आले किंवा भास होऊ लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा लघवी कमी झाली असेल तर मॉर्फिनचे अंश साठतात, म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. झोपेच्या गोळ्या किंवा दारू सोबत नको. गोळ्या कुलपात ठेवा.